चिमुकल्या तोफेमागचें ओझें

यंदा दिवाळींत धुळ्यास आमच्या अंगणांत मुलांनीं लळिंगचा किल्ला उभारला. मातीचा डोंगर, त्यावर उगवलेली मोहरी, कुंभाराकडचे शिपाई आणि पायथ्याशीं एक ऐटदार तोफ. सर्व कांहीं यथास्थित होतें. फक्त तोफेला ओढण्यास बैल नव्हते, जवळ दारूची पेटी नव्हती आणि गोलंदाजांसाठीं पाण्याची पखालहि नव्हती. ही तोफ येथवर आली तरी कशी, असें आम्हीं विचारतांच मुलें हंसलीं. परंतु त्यांना दोष कसा द्यावा? आपल्या इतिहासाच्या पुस्तकांतहि तोफा मोजलेल्या असतात. बैल क्वचितच मोजलेले आढळतात. फौजेमागून चालणाऱ्या माणसांना आपल्या भाषेनें ‘बाजारबुणगे’ हें नांव दिलें, आणि आज तें शिवीसारखें वापरलें जातें.

जळगांवहून अजिंठ्याचा घाट चढून पलीकडे गेलें म्हणजे जालना जिल्ह्यांतील असई फारशी दूर नाहीं. तेथें २३ सप्टेंबर १८०३ रोजीं शिंदे-भोसल्यांच्या फौजेशीं आर्थर वेलस्लीची गांठ पडली. बैलांची किंमत जाणणारा असा सेनापति विरळा. टिपूच्या पाडावानंतर, १७९९ मध्यें, म्हैसूरचे अमृतमहाल बैल कंपनीच्या हातीं आले होते आणि त्यांच्या चालीवर त्याची मोठी भिस्त असे. धान्यासाठीं तो बंजाऱ्यांच्या तांड्यांवर अवलंबून होता. तथापि असईस शिंद्यांच्या गोलंदाजांनीं मारा असा अचूक केला कीं इंग्रजी तोफांचे बैल पटापट पडले. तोफा जागींच खिळल्या, आणि वेलस्लीस त्या मागें टाकून पायदळ पुढें घालावें लागलें. तो जिंकला खरा, पण त्याचीं १५०० हून अधिक माणसें मेलीं वा जखमी झालीं. पुढच्याच महिन्यांत स्टीव्हन्सनच्या फौजेनें खानदेशांत उतरून बऱ्हाणपूर व अशीरगड घेतला. तेथवरहि तोफा बैलांनींच ओढल्या.

पुढें बैल गेले, इंजिन आलें; ओझें मात्र हललें नाहीं. अहिल्यानगरास १९९४ पासून रणगाड्यांचें संग्रहालय आहे. आम्हीं तें पाहिलें तेव्हां रणगाडे न्हाऊनमाखून उभे असल्यासारखे दिसले. रणांतला रणगाडा असा नसतो. त्याच्या पाठीवर ताडपत्री, ओढण्याचा दोर, सुट्या कड्या, जाळें, पाण्याचे डबे असा संसार लादलेला असतो. दुसऱ्या महायुद्धांत उत्तर आफ्रिकेंत इंग्रजांचे पत्र्याचे डबे गळून इतकें पेट्रोल वाया जाई कीं जर्मनांचा २० लिटरचा डबा हातीं लागतांच त्यांनीं त्याची हुबेहूब नक्कल केली.

हौशी प्रतिकृतिकार हा संसारहि घडवितात. त्यांचें रूढ प्रमाण मूळच्या ३५ व्या हिश्श्याचें. त्याची कथा गमतीची आहे: १९६० नंतर एका जपानी कारखान्यानें खेळण्यांतल्या रणगाड्याच्या पोटांत बॅटरी मावावी एवढा त्याचा आकार धरला, आणि मागाहून मोजतां तें प्रमाण ३५ निघालें! या हिशेबानें शिपाई सुमारें ५ सेंटिमीटरांचा व तो डबा जेमतेम १३ मिलिमीटरांचा होतो.

यांतलें बरेंचसें घरींच साधतें. पातळ कागद पाणी घातलेल्या गोंदांत भिजवून गुंडाळला कीं वाळल्यावर सुरकुत्यांसकट ताडपत्री तयार. शाडूच्या ओल्या गोळीवर मलमलीची चिंधी दाबली कीं पोत्याची वीण उमटते. दोरासाठीं सुताला पीळ देऊन मेण चोळावें. नुसता दोरा केंसाळ दिसतो आणि सारें सोंग उघडें पडतें. पखालीसाठीं आम्हांस फुटक्या फुग्याचें रबर सुचलें. त्यांत माती भरून तोंड आंवळलें कीं तिचें पोट पाणी भरल्याप्रमाणें लोंबतें.

खरी अडचण बैलांची. पोळ्याची मातीची जोडी मुलांनीं जपून ठेवली होती. ती आणून जुंपली, तों बैल बुरुजाएवढे! शिपाई त्यांच्या गुडघ्याशीं आले. मोठ्या मुलाचें मत पडलें कीं बैल काढावे. धाकटीनें मात्र तोफच मोठी करा असा हट्ट धरला. आमचें मत आम्हीं धाकटीच्या बाजूनें दिलें. आतां नवी तोफ वाळत आहे, आणि कुंभाराकडे पखालवाला मिळत नसल्यानें एका शिपायाची बंदूक काढून त्याच्या खांद्यावर पखाल दिली आहे.