लामेटाचा चिलखती प्राणी

मुकुटबन येथे एका स्नेह्यांकडे आमचा मुक्काम असता त्यांचा नातू संगणकावर प्राणिसंग्रहालय वसविण्याचा खेळ खेळत होता. शेळीएवढा, पाठीवर हाडांच्या ढालींच्या रांगा मिरविणारा एक डायनोसॉर त्याने कुंपणात सोडला आणि आम्हांस विचारले, “आजोबा, असा प्राणी आपल्याकडे होता का?” प्रश्न लहान होता, परंतु त्याचे उत्तर देण्यास शंभर वर्षांचा इतिहास सांगावा लागतो.

प्रथम मुकुटबनच्याच भूमीची साक्ष काढू. या पंचक्रोशीतील चुनखडक पैनगंगेच्या नावाने ओळखला जातो; तो डायनोसॉरांच्या उदयापूर्वी कित्येक कोटी वर्षे घडलेला आहे. वणीकडील दगडी कोळसाही त्यांच्याहून वडीलच. तेव्हा या थरांत त्यांची हाडे शोधणे व्यर्थ होय. मात्र पूर्वेस वर्धा नदी ओलांडली की वरोऱ्यानजीक पिसदुरा लागते. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या काळापासून, म्हणजे १९व्या शतकाच्या मध्यापासून, तेथील अश्मीभूत हाडे विद्वानांस ठाऊक आहेत. ज्या थरात ती सापडतात त्यास लामेटा म्हणतात. हे नाव जबलपूरजवळच्या नर्मदेवरील लामेटा घाटाचे. आमच्या चिलखती प्राण्याची कथाही त्या जबलपुरातच घडली.

जबलपूरच्या बडा सिमला टेकडीच्या परिसरात कॅप्टन स्लीमन यांना १८२८ साली काही हाडे मिळाली होती. ‘डायनोसॉर’ हा शब्दच मुळी रिचर्ड ओवेन यांनी १८४२ साली बनविला. म्हणजे नावाच्या आधी हाडे आली! पुढे पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास चार्ल्स मॅटली यांनी या टेकडीत खोदकाम केले. कमरेचा जुळलेला कणा, नितंबाची हाडे, नडगी आणि हाडांच्या पुष्कळ चकत्या त्यांच्या हाती लागल्या. हा सर्व ऐवज एकाच चिलखती प्राण्याचा, असे मानून त्यांनी १९२३ साली त्यास ‘लामेटासॉरस इंडिकस’ असे नाव दिले. मध्यप्रांत व वऱ्हाड तेव्हा एकाच कारभाराखाली असल्याने यवतमाळ जिल्ह्यासही हा प्राणी आपल्याच प्रांताचा म्हणता आला असता.

परंतु बारा वर्षांतच या गौरवास तडा गेला. बनारसच्या चक्रवर्ती यांनी १९३५ साली एक लेख प्रसिद्ध केला. लामेटासॉरस खरोखर चिलखती होता काय, असा प्रश्न त्याच्या शीर्षकातच होता. कमरेची व पायांची हाडे दोन पायांवर चालणाऱ्या मांसभक्षकाची आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. एका खड्ड्यात जवळजवळ पडलेल्या निरनिराळ्या प्राण्यांच्या अवशेषांतून एक प्राणी उभा राहिला होता; गणपतीच्या धडास गजमुख जोडावे तसा, फक्त येथे कोणा देवाची आज्ञा नव्हती.

मग चकत्या कोणाच्या? त्यांचे उत्तर सुचविणारी एक खूण मॅटलींच्याही आधी उपलब्ध होती. फ्रेंच पंडित देपेरे यांनी १८९६ साली मादागास्करातील लांब मानेच्या, अजस्र शाकाहारी टायटॅनोसॉराच्या अंगावर अस्थिफलक असावेत असे सुचविले होते. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. अर्जेंटिनातील साल्टासॉरस १९८० साली उजेडात आला तेव्हा ते म्हणणे सर्वांस पटले. आणि भारतातील टायटॅनोसॉराचा निर्विवाद अस्थिफलक तर २००९ साली प्रसिद्ध झाला. जबलपूरच्या चकत्याही त्याच कुळाच्या असाव्यात, असे आता पुष्कळांस वाटते.

येथे कोणी मॅटलींस हसू नये. स्वतः चक्रवर्तींनी १९३४ साली दंडाच्या एका हाडावरून ‘ब्रॅकिपोडोसॉरस’ नावाचा चिलखती प्राणी जाहीर केला होता. तोही आज संशयितांच्याच यादीत आहे. दुसऱ्याची चूक ओळखणारा डोळा स्वतःच्या हातातील हाडाकडे पाहताना मंद होतो, हा अनुभव केवळ भूशास्त्रातला नव्हे.

तर मग मुलास ‘नव्हता’ एवढेच सांगावे काय? नाही. मुकुटबनच्या दक्षिणेची पैनगंगा वर्धेस मिळते, वर्धा व वैनगंगा मिळून प्राणहिता होते, आणि प्राणहितेच्या काठी, सिरोंचाजवळ, कोटा नावाचे गाव आहे. त्याच्या नावाचे थर लामेटाहून पुष्कळ जुने, ज्युरासिक काळातील आहेत. त्या थरांतून, नदीच्या आज तेलंगणात मोडणाऱ्या बाजूस, चिलखती डायनोसॉराचे अस्थिफलक मिळाल्याचे नाथ, यादगिरी व मोईत्रा यांनी २००२ साली प्रसिद्ध केले. २०१९ साली पीटर गॅल्टन यांनी ते पुन्हा तपासून अँकिलोसॉर गटाचा तो सर्वांत जुना पुरावा ठरविला. सांगाडा नाही, मोठे नाव नाही; आहेत ते थोडे फलक. पण ते कोणत्या थरातले, हे ठाऊक आहे.

आमच्या मते या कथेचे सार येथेच आहे. खेळात मुलाने कोणत्याही धडास कोणतीही ढाल जोडावी. त्यात कोणाची हानी नाही. इतिहासास ती मुभा नाही. आज आमच्या भागात खाणी खोल जात आहेत, आणि विहिरीत वा नाल्यात निघालेला चमत्कारिक दगड कौतुकाने घरच्या कपाटात येतो. उचलताना त्याची जागा व थर लिहून ठेवला नाही, तर तो दगड मुका होतो. आणि मुक्याच्या तोंडी आपण हवी ती वाक्ये घालतो. प्रांताभिमानाने पोसलेल्या एका भव्य नावापेक्षा ठावठिकाणा ठाऊक असलेली एक चकती अधिक मोलाची होय.

मुलास आम्ही एवढेच सांगितले: “होता; पण इथे नाही, खाली नदीकाठी, आणि त्याची फक्त ढाल सापडली आहे.” त्याने क्षणभर विचार करून कुंपणातल्या प्राण्याचे नाव ‘प्राणहिता’ ठेवले.