लेकुरवाळीचे शिक्षण

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मुलगी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना तिचे लग्न होते. तिसऱ्या वर्षी दिवस राहतात. पहिले बाळंतपण माहेरी. त्यानंतर हिंदूंचा सव्वा महिना, आम्हा मुसलमानांचा ४० दिवसांचा चिल्ला. तेवढ्यात परीक्षेचा अर्ज भरायची तारीख निघून जाते, हजेरीही कमी पडते. कॉलेजने तिला काढलेले नसते, तिनेही कॉलेज सोडलेले नसते. तरी शिक्षण सुटते. आर्वीपासून हिंगणघाटपर्यंत ही गोष्ट मी इतक्या घरांत ऐकली, की तिच्या मागचा इतिहास पाहावासा वाटला.

पुण्यात १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. गरोदर विधवेने तिथे येऊन गुपचूप बाळंत व्हावे; मूल न्यायचे की ठेवायचे, हे तिच्या मर्जीवर. तिथे जन्मलेल्या यशवंताला फुले दांपत्याने दत्तक घेतले. तो पुढे डॉक्टर झाला. मुलींची शाळा तर त्यांनी १८४८ मध्येच काढली होती. पण बाळंतीण आणि विद्यार्थिनी ही एकच बाई असू शकते, हे समाजाला अजून सुचायचे होते.

ते पंडिता रमाबाईंनी जगून दाखवले. १८८२ मध्ये पती गेले, तेव्हा त्यांची मनोरमा वर्षाचीही नव्हती. पुढच्याच वर्षी तिला घेऊन त्या शिकायला इंग्लंडला गेल्या. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकल्या, संस्कृत शिकवू लागल्या. त्या काळात वॉन्टेजच्या मठातील भगिनींनी मुलीला सांभाळले. रमाबाईंची बुद्धी अलौकिक होतीच. पण मूल धरायला दुसरे हात मिळाले, म्हणून पुस्तक धरायला त्यांचे हात मोकळे राहिले.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन समितीने नई तालीमचा आराखडा केला. त्यात ७ ते १४ वर्षांची मुले होती. जानेवारी १९४५ च्या सेवाग्राम परिषदेनंतर प्रौढशिक्षण आणि सात वर्षांखालील मुलांचे पूर्व-बुनियादी शिक्षणही त्यात आले. शिक्षण गर्भापासून सुरू होते, असे गांधीजी मानत. म्हणजे पोटुशी बाई शाळेच्या हद्दीत आली. मात्र आई म्हणून, परीक्षार्थी म्हणून नव्हे.

स्वतंत्र भारतातही हेच घडले. १९६१ चा मातृत्व लाभ कायदा नोकरदार स्त्रीसाठी होता. २०१७ मध्ये तिची रजा २६ आठवड्यांची झाली, ५० कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचे झाले. विद्यार्थिनी त्या कायद्यात बसत नव्हती. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये एम.फिल., पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना २४० दिवसांची रजा दिली. डिसेंबर २०२१ मध्ये पदवीच्या मुलींसाठीही प्रसूती रजा, हजेरी आणि अर्जाच्या मुदतीत सवलतीचे नियम करा, असे आयोगाने विद्यापीठांना कळवले.

पण असे काही आहे, हे पुलगावच्या मुलीला कोण सांगणार? प्रवेशाच्या माहितीपत्रकात या सवलतीच्या चार ओळी मराठीत छापाव्यात. परीक्षा केंद्रावर एक खोली द्यावी. तान्ह्याला घेऊन बसायला आज्या तयार आहेत, सासवाही तयार आहेत. त्यांना मे महिन्याच्या उन्हात फाटकाबाहेर उभे करू नये, एवढेच माझे मागणे आहे.