चौल ते बीदर : एका एकट्या प्रवाशाची साक्ष

पंधराव्या शतकातल्या दख्खनचा इतिहास आपण वाचतो तो बहुतेक सुलतान, वजीर आणि मोहिमा यांचा. बहमनी गादीवर कोण बसले, कोणता किल्ला कधी पडला, खुरासानी आणि दख्खनी सरदारांचे वैर कसे वाढत गेले, हे सांगणारे ग्रंथ आहेत. पण त्याच काळात चौलच्या रस्त्यावर माणसे काय नेसून हिंडत, भर पावसात जुन्नरला तबेल्यातल्या घोड्यापुढे काय टाकत, वाटेवरच्या मुक्कामात जेवण कसे होई, हे विचारले की हे ग्रंथ गप्प होतात. तेराव्या शतकासाठी आपल्याजवळ लीळाचरित्रासारखा रोजच्या जगण्याने भरलेला ग्रंथ आहे. बहमनी काळासाठी तितका जवळचा साक्षीदार शोधायला गेले तर तो भेटतो थेट रशियात. अफनासी निकितीन हा व्होल्गाकाठच्या त्वेर शहराचा व्यापारी १४७० च्या आसपास चौलला उतरला, पालीवरून घाट चढून जुन्नरला गेला, तिथून बीदरला पोहोचला आणि शेवटी दाभोळहून जहाजात बसून परत निघाला. वास्को द गामा कालिकतला यायला तेव्हा पाव शतकाहून अधिक अवकाश होता. निकितीनच्या टिपणांकडे आजवर बहुधा एक नवलाची गोष्ट म्हणूनच पाहिले गेले. माझे म्हणणे असे, की ही टिपणे दख्खनच्या इतिहासाचे पहिल्या प्रतीचे साधन आहेत, आणि त्यांना ही किंमत लेखकाच्या एकटेपणामुळे आली आहे.

हे एकटेपण त्याने हौसेने पत्करलेले नव्हते. तो इतर व्यापाऱ्यांबरोबर, माल घेऊन, व्होल्गेतून खाली निघाला होता. अस्त्राखानजवळ तातारांनी त्यांना लुटले. माल गेला, सोबत विस्कटली. ज्यांचे गावी काही शिल्लक होते ते परतले. ज्यांच्यावर देणे होते त्यांना रिकाम्या हाताने घरी जायची सोय नव्हती. निकितीन पुढे जात राहिला : देर्बेंत, बाकू, मग इराण ओलांडून होर्मुझ. तिथून एक घोडा बरोबर घेऊन तो समुद्रमार्गे दीव, खंबायत करत चौलला आला. त्याला कोणत्या राजाने पाठवले नव्हते, कोणत्या मठाने धर्मप्रसाराला धाडले नव्हते. परतल्यावर कोणापुढे अहवाल ठेवायचा नव्हता. भाषेने, धर्माने, देशाने आपला म्हणावा असा एकही माणूस त्याला इथे नव्हता. दरबारी वकिलाची राहण्याजेवणाची व्यवस्था यजमान राजा करतो. त्यामुळे वकील राजवाडा पाहतो, मिरवणूक पाहतो आणि तेच लिहितो. तैमूरी बादशहा शाहरुखचा वकील अब्दुर रझाक १४४३ साली विजयनगरला आला, त्याचे वर्णन बहुमोल आहे, पण ते पाहुण्याच्या आसनावरून केलेले आहे. निकितीनला भाव स्वतः विचारावा लागे, वाट स्वतः काढावी लागे, रात्रीचा निवारा स्वतः शोधावा लागे. जे कळल्यावाचून त्याचा दिवस ढळत नव्हता, तेच त्याच्या टिपणात उतरले.

चौलच्या नोंदीतच याचा प्रत्यय येतो. लोक उघड्या अंगाने वावरतात, केसांची एकच वेणी घालतात आणि आपण गोरे म्हणून आपल्यामागे घोळका करून चालतात, असे तो लिहितो. एवढ्यावर तो थांबला असता तर परक्याचे कुतूहल म्हणून सोडून देता आले असते. पण पुढे तो दर्जावार तपशील देतो : राजाच्या डोक्याला एक वस्त्र आणि कमरेला दुसरे, सरदारांचे एक खांद्यावर, एक कमरेला, चाकरांच्या कमरेला तेवढे एक, आणि हातात ढाल-तलवार. उघडे अंग पाहून अवाक झालेल्या माणसाने, कापड कुणाच्या अंगावर कुठे असते यावरून समाजाच्या पायऱ्या ओळखल्या. पुढच्या वाटेचा हिशेब त्याने दिवसांत ठेवला आहे : पालीपर्यंत आठ दिवस, तिथून उमरीपर्यंत दहा, आणि मग जुन्नर. आजच्या नकाशावर हे अंतर पाहिले तर दिवस फार वाटतात. पण माल आणि जनावर घेऊन, मुक्काम करत, सह्याद्रीचे घाट चढणाऱ्या व्यापाऱ्याची चाल किती संथ होती, याचे मोजमाप म्हणून ते वाचले तर त्यांचा अर्थ लागतो.

जुन्नरला त्याला पावसाने गाठले. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, आणि याच दिवसांत लोक नांगरतात, पेरतात, असे तो नोंदवतो. गाव माणसाने न बांधलेल्या, देवानेच घडवलेल्या खडकाच्या बेटावर आहे आणि वर जाणारी वाट इतकी अरुंद, की दोन माणसे बरोबरीने जाऊ शकत नाहीत, असे तो म्हणतो. शिवनेरी डोळ्यांपुढे आणली की ही ओळख पटते. पण सर्वांत बारीक नोंद आहे ती घोड्याची. या मुलखात घोडे पैदा होत नाहीत, बैल आणि म्हशी होतात. घोड्यांना दाणा-कडधान्य घालतात आणि साखर-तूप घालून शिजवलेली खिचडी चारतात, असे तो सांगतो. घोड्याला खिचडी ही वाचताना गंमत वाटेल, पण तिच्यात त्या काळचे अर्थकारण आहे. बहमनी आणि विजयनगर या दोन्ही सत्तांचे घोडदळ अरबस्तान-इराणहून समुद्राने येणाऱ्या जनावरांवर उभे होते. चौल, दाभोळ, गोवा ही बंदरे त्यासाठीच मोलाची होती. इतक्या महागाचे जनावर परक्या हवेत, ओल्या गवतावर टिकवायचे, म्हणजे त्याला माणसाचे अन्न घालणे आले. निकितीनला हे माहीत होते, कारण जुन्नरपर्यंत पोहोचेतो त्याचा घोडा त्याला १०० रुबलांना पडला होता. पुढे बीदरला नाताळच्या सुमारास त्याने तो विकला, तेव्हा वर्षभराच्या खाण्यापायी ६८ ‘फुतून’ खर्च झाल्याचेही त्याने लिहून ठेवले. वर्षभर एक घोडा पोसायला काय लागे, याचा असा रोकडा आकडा ज्याच्या पदरचे पैसे गेले त्याच्याकडूनच मिळू शकतो.

याच घोड्यावरून जुन्नरच्या असदखानाशी त्याचा प्रसंग उद्भवला. हा खान वजीर महमूद गवानच्या हाताखालचा. पदरी हत्ती-घोडे असूनही तो माणसांच्या खांद्यावरून हिंडे, असे निकितीन लिहितो. हा प्रवासी मुसलमान नाही हे कळताच खानाने घोडा काढून घेतला. धर्म बदललास तर घोडा परत आणि वर हजार मोहरा, नाही तर घोडाही गेला आणि दंडही बसेल, असा निर्वाणीचा निरोप दिला. मुदत चार दिवसांची. शेवटी महंमद नावाच्या एका खुरासानी गृहस्थाने रदबदली केली आणि घोडा सुटला. हा प्रसंग धर्मछळाची कथा म्हणून सांगितला जातो आणि तो तसा आहेही. पण ज्याने छळले आणि ज्याने सोडवले ते दोघेही एकाच धर्माचे होते, हे विसरून चालणार नाही. गावच्या हाकिमाची सत्ता निराधार माणसापर्यंत कशी पोहोचते, आणि तिच्यातून सुटायला कोणाची ओळख कामी येते, हे इथे खालच्या बाजूने दिसते. दरबारात बसून लिहिणाऱ्याला ही बाजू दिसतच नाही. बीदरच्या राजवाड्याला सात दरवाजे आहेत आणि तिथे बसलेले कारकून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची नोंद करतात, परक्याला आत सोडत नाहीत, हेही त्याने पाहिले ते दरवाज्याबाहेर उभे राहून. खेड्यातली प्रजा फार हलाखीत आणि सरदार ऐषारामात, हे त्याचे निरीक्षण याच बाहेरच्या जागेवरून आलेले आहे.

आपण ख्रिस्ती आहोत हे त्याने बीदरला हिंदूंना सांगितल्यावर त्यांचा त्याच्याशी असलेला आडपडदा गळाला. तोवर तो खोजा युसूफ खुरासानी या नावाने वावरत होता. आता लोक त्याला खाणे, व्यवहार, पूजा यांबद्दल मोकळेपणाने सांगू लागले. जाती एकमेकींच्या पंक्तीला बसत नाहीत, उजव्या हाताने जेवतात, आणि प्रवासात प्रत्येकाजवळ आपापले भांडे असते, ज्यात तो स्वतःपुरते शिजवतो आणि दुसऱ्याची नजर त्यात पडू देत नाही, असे तो लिहितो. पुढे तो त्यांच्याबरोबर शिवरात्रीला श्रीशैलच्या यात्रेलाही गेला. धर्मशास्त्राच्या पोथ्या स्पर्शास्पर्शाचे नियम सांगतात. हे नियम पाळणारी माणसे रस्त्यावर त्यांची सोय कशी लावत, हे वाटेच्या कडेला पेटलेल्या चुलीशेजारी बसलेला सहप्रवासीच पाहू शकतो.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप अतिशयोक्तीचा. निकितीन लाखांची सैन्ये सांगतो, आळंदच्या जत्रेत वीस हजार घोडे विकायला येतात म्हणतो, घरावर बसला की माणूस मरतो आणि तोंडातून आग काढतो अशा पक्ष्याची हकीकत देतो, माकडांच्या राजाच्या फौजेबद्दल लिहितो. असा लेखक विश्वासाला कितपत पात्र? याचे उत्तर त्याच्या मजकुरातच आहे. ज्या गोष्टीसाठी त्याने पैसे मोजले, जी त्याने खाल्ली, ज्या अंतरावर तो चालला, तिथे त्याचे लिहिणे कोरडे आणि नेमके आहे. जिथे तो ऐकीव सांगतो, तिथे आकडे फुगतात आणि पक्षी आग ओकतात. गव्हाची चूक पाहा. पावसात भाताबरोबर गहूही पेरतात असे तो लिहितो. गहू रब्बीचा हे जुन्नरचा कोणताही शेतकरी सांगेल. पण निकितीन ऑगस्टच्या मध्यालाच जुन्नर सोडून बीदरकडे निघाला होता. रब्बीची पेरणी त्याने तिथे पाहिलीच नव्हती. त्याने कानावर आलेले डोळ्यांनी पाहिलेल्याला जोडून दिले. म्हणजे चूक कुठे आहे आणि का झाली, हेसुद्धा त्याच्याच तारखांवरून शोधता येते. शिवाय त्या ऐकीव गोष्टी फेकून द्याव्यात अशा नाहीत. पाखरू आग ओकत नव्हते हे खरे, पण बीदरच्या बाजारात लोक परक्याला काय सांगत, कशाला भीत, हे त्यातून कळते, आणि तोही इतिहासच आहे.

दुसरा आक्षेप साधनांच्या तुलनेचा. फरिश्ता किंवा बुर्हान-ए-मआसिरचा कर्ता तबातबा यांच्यासारखे इतिहासकार असताना एका भटक्या व्यापाऱ्यावर भिस्त का ठेवावी? त्यांच्याजवळ घटनांची साखळी आहे, राज्यकारभाराची जाण आहे. त्यांची जागा निकितीन घेऊ शकत नाही, आणि तसा दावाही नाही. पण हे दोघे लिहीत होते तेव्हा महमूद गवानला जाऊन शतक उलटले होते. निकितीनने गवानच्या सत्तेची भरभराट चालू असताना लिहिले. तरुण सुलतान आणि त्याच्या नावाने राज्य चालवणारे खुरासानी सरदार हे त्याने काढलेले चित्र इतर साधनांशी जुळते. गवानच्या कोकणातल्या स्वारीचे पडसादही त्याच्या मजकुरात आहेत. दोन वेगळ्या जागी उभी असलेली माणसे एकच गोष्ट सांगतात, तेव्हा इतिहासकाराचा पाय घट्ट रोवतो. आणि ते जिथे वेगळे बोलतात, तिथे भावाच्या प्रश्नावर व्यापाऱ्याचे ऐकावे, तहाच्या प्रश्नावर दरबाऱ्याचे.

तिसरा आक्षेप असा, की परधर्मी, परदेशी माणूस आपल्या पूर्वग्रहांच्या चष्म्यातूनच पाहणार. निकितीनच्या बाबतीत हा आक्षेप सुरुवातीला लागू पडतो. रशियाला नेण्याजोगा माल इथे मिळत नाही, मिरी आणि रंग तेवढे स्वस्त, म्हणून फसवणूक झाल्याचा त्याचा राग लपत नाही. पण त्याच्या टिपणांचे वैशिष्ट्य हे, की पूर्वग्रह वाटेत झिजताना दिसतात. लुटीत धर्मग्रंथ गेले, त्यामुळे आपले सण कधी येतात तेच त्याला कळेनासे झाले. मुसलमानांच्या सणांवरून तो ईस्टरचा अंदाज बांधू लागला, त्यांच्या रोज्यांच्या दिवसांत स्वतः उपवास धरू लागला. आपली श्रद्धा निसटते आहे या भीतीने तो व्याकूळ होतो आणि तीच व्याकुळता लिहून ठेवतो. सोबत, पैसा, दिनदर्शिका असे सगळे आधार एकेक करून सुटलेल्या माणसाला भोवतालच्या लोकांना तुच्छ लेखणे परवडत नाही. एकटेपणाने त्याच्या निरीक्षणाला प्रामाणिकपणा दिला, तो असा.

निकितीन घरी पोहोचला नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडेच त्याला मरण आले. त्याची टिपणे व्यापाऱ्यांनी मॉस्कोला नेली आणि १४७५ सालच्या नोंदीखाली ती रशियन इतिवृत्तात गेली. पुढे एकोणिसाव्या शतकात करमझिन या इतिहासकाराने त्यांच्याकडे जगाचे लक्ष वेधले. आपल्याकडे त्याच्यावर १९५७ साली ‘परदेसी’ हा चित्रपट निघाला, रेवदंड्याला त्याचे स्मारक झाले. हा गौरव योग्यच आहे, पण त्यात तो दोन देशांच्या मैत्रीचे प्रतीक बनून राहतो आणि साक्षीदार म्हणून बाजूला पडतो. चौल, पाली आणि जुन्नर यांच्या इतिहासात त्याला स्थान हवे ते कागदपत्रांच्या शेजारी, त्यांच्याइतक्याच कठोर तपासणीखाली. शासन, मंदिर आणि दरबार यांनी जपलेल्या कागदांत बाजारातला, घाटातला, पावसात अडकलेला माणूस फार थोडा उरतो. तो शोधायचा असेल तर मागे कोणी उभे नसलेल्या प्रवाशांची टिपणे गंभीरपणे वाचावी लागतील. कारण दुसऱ्याच्या मुलखात स्वतःच्या जिवावर दिवस काढणाऱ्याला त्या मुलखाचे रोजचे जगणे दुर्लक्षून चालत नाही, आणि इतिहासालाही ते दुर्लक्षून चालू नये.