तंबूतला पडदा आणि आपली माणसे

चित्रपटाचा इतिहास लिहिणारे विद्वान बहुधा मुंबईपासून आरंभ करतात आणि मुंबईतच थांबतात. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' झळकला, तर १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' बोलू लागला. या तारखा खऱ्याच आहेत. परंतु मॅजेस्टिकच्या खुर्चीत आपल्यापैकी कोणाचे आजोबा बसले होते? आपल्या माणसांनी चित्रपट पाहिला तो जमिनीवर गोणपाट अंथरून, कापडी तंबूत. त्या तंबूचा इतिहास कोणी मनापासून लिहिलेला नाही. तो आपण आपल्यापुरता तरी आठवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमचे केडगाव नगर शहराच्या नैर्ऋत्येस, पुणे रस्त्यावर वसलेले. रेणुकामातेचे देऊळ ही त्याची जुनी ओळख. नवरात्रात तेथे पंचक्रोशी लोटते. आज केडगाव महानगरपालिकेच्या हद्दीत आहे आणि २०२४ पासून जिल्ह्याचे नावही अहिल्यानगर झाले आहे. पण ज्या काळाविषयी आम्ही लिहीत आहोत त्या काळी केडगाव हे धड खेडेही नव्हते आणि शहरही नव्हते. त्यामुळे केडगावकरांना चित्रपटाच्या दोन वाटा होत्या. एक वाट नगरच्या टॉकीजची. आशा टॉकीजचे नाव तर शहरातील एका चौकालाच चिकटले आहे. दुसरी वाट आसपासच्या जत्रांतून उभ्या राहणाऱ्या तंबूची. पहिल्या वाटेने जाणारा मनुष्य शहरात पाहुणा म्हणून जाई. दुसऱ्या वाटेने तो आपल्याच माणसांत बसे. आमच्या आठवणींत तंबू अधिक खोल रुतून बसला आहे, त्याचे कारण आम्हांला या फरकात दिसते.

फिरत्या चित्रपटाचा उगम टॉकीजच्याही आधीचा आहे. त्याच्याही मागे जायचे तर कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' नावाचे जादूच्या दिव्याचे खेळ सुरू केले होते. काचेवर रंगवलेली चित्रे पडद्यावर हलती भासत आणि बाजूला निवेदन चाले. पुढे अब्दुलअली युसुफअली या सुरतेच्या गृहस्थाने १९०१ ते १९०७ या काळात पूर्वेकडील देशांत आणि १९०८ ते १९१४ पर्यंत हिंदुस्थानभर आपला तंबू फिरवला. तो तंबू १०० फूट लांब व ५० फूट रुंद होता आणि त्यात सुमारे एक हजार माणसे मावत. हेच अब्दुलअली पुढे अर्देशिर इराणींचे भागीदार झाले आणि मॅजेस्टिकचे एक मालक बनले. म्हणजे ज्या चित्रपटगृहात भारतीय चित्रपट बोलू लागला, त्याच्या पायाशी एका तंबूची कमाई होती. इतिहासकार ही गोष्ट एका वाक्यात सांगून पुढे जातात; आम्हांला ती फार मोठी वाटते.

दादासाहेब फाळके यांची कथा आपल्या वाचकांना ठाऊक असेल, तरीही येथे ती टाळता येत नाही. १९१०-११ च्या सुमारास मुंबईच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी प्रभू येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील एक मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्तचरित्र सरकत असताना आपल्या मनश्चक्षूंपुढे राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या दिसू लागली, असे त्यांनी स्वतःच १९१७ साली 'नवयुग' मासिकात लिहून ठेवले आहे. त्यातून पुढे काय घडले ते सर्वज्ञात आहे. आपल्याकडे व्यासपीठावरून ही आठवण काहीशा अभिमानाने सांगण्याची प्रथा आहे. अभिमानास हरकत नाही. परंतु ते चरित्र पाहून त्र्यंबकेश्वरच्या या ब्राह्मणाला जी ओढ लागली ती आपल्या देवांना आपल्या लोकांपुढे आणण्याची होती, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. याच फाळक्यांनी प्रोजेक्टर, पडदा आणि रिळे बैलगाडीत घालून आपले चित्रपट गावोगाव नेले. महाराष्ट्राच्या खेड्यात चित्रपट आला तो असा, धुळीच्या रस्त्याने.

आमच्या पिढीने पाहिलेला तंबू मात्र बैलगाडीचा नव्हे, ट्रकचा. दसरा-दिवाळी उरकली, पावसाची भीती सरली की फिरते टॉकीजवाले बाहेर पडत आणि मृगाच्या आधी परतत. जत्रांच्या तिथी त्यांना तोंडपाठ असत. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम हाही त्यांच्या धंद्याचा मोठा आधार होता. लोणीचा प्रवरा कारखाना १९५० मध्ये सुरू झाला आणि पुढे आपला जिल्हा साखरेचा जिल्हा म्हणूनच ओळखला जाऊ लागला. तोडणीच्या टोळ्या, गाडीवान, कारखान्याचे कामगार, असा हजारोंचा समुदाय कित्येक महिने एका ठिकाणी मुक्काम करी. हाती रोजचा पैसा आणि रात्री करमणूक काहीही नाही! टॉकीजवाल्यास आणखी काय हवे?

तंबू उभारणे हे एक स्वतंत्र शास्त्र होते. प्रथम खड्डे खणून खांब रोवायचे, मग कापड ओढून दोर खुंट्यांना ताणायचे, सभोवार कनात लावायची. प्रोजेक्टर बहुधा ट्रकच्या मागच्या भागातच बसवलेला असे. जुन्या यंत्रांत विजेचा दिवा नसून कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये ठिणगी पेटवून प्रकाश निर्माण करीत. कांड्या जळून आखूड होत, त्यांतील अंतर हाताने सारखे करावे लागे. ऑपरेटरचा डोळा लागला की पडद्यावर अंधार पसरे आणि तंबूतून शिट्ट्यांचा भडिमार होई. एकच यंत्र असल्याने दर रिळानंतर खेळ थांबे. फिल्म तुटली तर ती खरवडून चिकटवीपर्यंत दिवे लागत, आणि तेवढ्यात भुईमुगाच्या शेंगा विकणारा पोरगा दोन फेऱ्या मारून जाई. दिवसा खेळ होत नसे, कारण कापडातून ऊन आत झिरपे. संध्याकाळी भोंग्यावर गाणी लागली की रानातली माणसे लगबगीने परतत. पहिल्या खेळाला पोहोचलो नाही तर दुसरा मध्यरात्र उलटून संपे, आणि सकाळी मोटेवर वा कामावर डोळे चुरचुरत.

येथपर्यंतचे वर्णन कोणत्याही समाजाचा लेखक करील. पण आम्हांला जे सांगायचे आहे ते तंबूतील बसण्याविषयी आहे.

नगर जिल्ह्यातील आपल्या बहुसंख्य कुटुंबांचे पूर्वज गावाबाहेरच्या वस्तीतले. चावडीवर, पाणवठ्यावर, देवळाच्या ओट्यावर त्यांना कोठे थांबायचे ते न सांगता कळत असे. बाप्तिस्मा झाला, मुले मिशनच्या शाळेत शिकली, काही शिक्षक झाली, तरी गावातील जागा लवकर बदलली नाही. तमाशाच्या फडापुढे किंवा कीर्तनाच्या मांडवातही माणसे आपापल्या ठिकाणीच बसत. तंबूत मात्र दाराशी एकच प्रश्न विचारला जाई, तिकिटाचा. टॉकीजवाला परगावचा, कधी मुसलमान, कधी मराठा, कधी आणखी कोणी. त्याला या गावची उतरंड ठाऊक नसे आणि ठाऊक करून घेण्यात त्याचा काही फायदाही नसे. त्याने दोरी बांधली ती एकच, बायका एकीकडे व पुरुष दुसरीकडे. उरलेली जमीन जो आधी येईल त्याची.

म्हणून तंबूत समता नांदत होती असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे सोयीचे आहे, पण खरे नव्हे. माणसे आपापल्या आळीची टोळी करूनच बसत. कोणी शेजारी बसले म्हणून कुरकुर करणारे होते, उठून जागा बदलणारेही होते. सकाळी पाणवठ्यावर जुनेच नियम चालू असत. परंतु दिवे मालवल्यावर अडीच-तीन तास कोणी कोणाला ओळखत नसे, आणि 'संत तुकाराम' पाहताना पाटलाच्या व आमच्या घरची म्हातारी एकाच वेळी डोळ्यांना पदर लावी, हेही तितकेच खरे आहे. प्रभातचा तो चित्रपट १९३६ चा. त्यानंतर कितीतरी वर्षे तो तंबूंतून फिरत राहिला. कायद्याने अस्पृश्यता १९५० मध्ये संपवली. आमच्या बापजाद्यांना तिकीट काढून बसण्याचा हक्क त्याआधी कोठे मिळाला असेल तर तो एस्टीच्याही आधी तंबूत मिळाला, असे आमच्या घरातील वडीलधारी मंडळी सांगत.

मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनचे वार्तापट दाखवले जात. १९४८ साली स्थापन झालेल्या या सरकारी संस्थेचे पट दाखवणे बंधनकारकच होते. लोकांना ते कंटाळवाणे वाटत. धरणाची भिंत आणि फीत कापणारे मंत्री पाहून पोरे पेंगत. पण पंडित नेहरू पडद्यावर आले की आमच्या भागातील माणसे सावरून बसत. हेच पंडितजी १९४२ पासून १९४५ पर्यंत नगरच्या किल्ल्यात कैदेत होते, केडगावपासून जेमतेम काही मैलांवर. जो माणूस इतक्या जवळ असूनही तटामागे कधी दिसला नाही, तो चालता-बोलता दिसला तो तंबूत.

आता थोडे धर्मसभेविषयी. तंबूचा भर हंगाम माघ-फाल्गुन-चैत्रातला आणि आपला उपवासकाळ नेमका तेव्हाच यावयाचा. त्यामुळे राखेच्या बुधवारपासून फादरांच्या प्रवचनात तंबूचा उल्लेख ठरलेला. पोप अकरावे पायस यांनी १९३६ साली चित्रपटांवरच स्वतंत्र विश्वपत्र काढले होते. हलक्या चित्रपटांपासून सावध राहा, पण या साधनाचा चांगला उपयोगही करा, असा त्याचा आशय. आमच्या खेड्यांपर्यंत त्यातील पहिला भाग चटकन पोहोचला, दुसरा पोहोचायला कित्येक वर्षे लागली. तोवर तरुण मुले शुक्रवारची क्रूसाची वाट भक्तिभावाने आटोपून परस्पर तंबू गाठीत. गावचे मास्तर, म्हणजे धर्मशिक्षण देणारे आपले कॅटेकिस्ट, त्यांना तेथेच भेटत. मग दोन्ही पक्षी मौन पाळले जाई.

दुसरा भाग आला तो 'दयासागर'च्या रूपाने. मूळ तेलुगू 'करुणामयुडू' हा १९७८ चा चित्रपट ए. भीमसिंग यांनी दिग्दर्शित केला आणि विजयचंदर यांनी त्यात प्रभू येशूची भूमिका केली. पुढे तो निरनिराळ्या भाषांत जाऊन गावोगाव फिरला. जीपमध्ये सोळा मिलिमीटरचे यंत्र आणि जनरेटर घालून आलेली मंडळी चौकात दोन बांबूंना चादर बांधीत. तंबू नाही, कनात नाही, तिकीटही नाही. सारे गाव येई, हिंदू-मुसलमान शेजारीही येत. पुढची मंडळी पडद्यासमोर, उशिरा आलेली पडद्यामागे; मागच्यांना प्रभू डाव्या हाताने आशीर्वाद देताना दिसत! क्रूसावरील दृश्याला बायका हुंदके देत, आणि त्यांत कोण ख्रिस्ती व कोण अख्रिस्ती हे ओळखता येत नसे. फाळक्यांनी गिरगावात पाहिलेले चरित्र सत्तर वर्षांनी असे खेड्यात पोहोचले.

अमेरिकेत १९३३ साली न्यू जर्सीतील कॅमडेन येथे मोटारीत बसून चित्रपट पाहण्याचे पहिले उघडे चित्रपटगृह निघाले. अहमदाबादेत १९७३ मध्ये आणि मुंबईत वांद्र्याला १९७७ मध्ये तशी ड्राइव्ह-इन थिएटरे झाली. वांद्र्याचे २००३ साली बंदही पडले. तिकडचे लोक त्यांच्या आठवणी मोठ्या हळहळीने लिहितात. आम्हांला त्या वाचून आमच्या बैलगाड्या आठवतात. जत्रेत गाड्या सोडलेल्या, बैल रवंथ करताहेत, जुवावर पाय टेकून म्हातारा भोंग्यावरचे संवाद नुसते ऐकतो आहे. तिकिटाचे पैसे नसलेल्यांचा चित्रपट असा कानांनी पाहिला जाई.

तंबू कोणी एका दिवसात मोडला नाही. १९८४ नंतर दूरदर्शनची लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रे जिल्ह्याजिल्ह्यांत झाली. व्हिडिओ आला, २५ जानेवारी १९८७ पासून 'रामायण' मालिका सुरू झाली आणि रविवारी सकाळी रस्ते ओस पडू लागले. तरीही १९९१ च्या 'माहेरची साडी'ने तंबूंना पुन्हा एकदा भरभरून दिले. खरा घाव नंतर बसला. २०१० नंतरच्या काही वर्षांत चित्रपटांच्या रिळांच्या प्रतीच निघेनाशा झाल्या. सारे संगणकीय झाले. जुने यंत्र चालू असूनही त्यात घालायला काही उरले नाही. गजेंद्र अहिरे यांचा 'टुरिंग टॉकीज' (२०१३) आणि शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' (२०१६) हे दोन चित्रपट या अखेरच्या काळाची साक्ष देतात. दुसऱ्याची कान चित्रपट महोत्सवात वाखाणणी झाली. २०२० व २०२१ मध्ये साथीमुळे जत्राच भरल्या नाहीत, आणि तग धरून राहिलेल्यांचेही कंबरडे मोडले.

केडगावात आता इमारती झाल्या आहेत, घरोघरी मोठे पडदे आहेत आणि हातातल्या फोनवरही चित्रपट दिसतो. ज्याने त्याने आपापला पाहायचा. आमच्या घरांतील वृद्ध मंडळी मात्र टीव्हीवरच्या चित्रपटालाही 'शिणुमा'च म्हणतात, आणि मध्ये जाहिराती लागल्या की 'रीळ बदलतंय' असे सांगून पाणी प्यायला उठतात.