इंग्रजीचे श्रवण आणि मराठी शाळा



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने इंग्रजीच्या अध्यापनावर बोलावे, हे काहींना विपरीत वाटेल. परंतु जी भाषा कष्टाने मिळते, तिच्या वाटेवरचे खाचखळगे विसरता येत नाहीत.

आमच्या पिढीने इंग्रजी शिकली ती डोळ्यांनी. घरोघरी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला असत. वाक्य घ्यावे, फोडावे, मराठीत आणावे. या पद्धतीने व्याकरण पक्के झाले, पण कान कोरा राहिला. वस्तुतः कानाला शिकवण्याचे साधन तेव्हाही नवे नव्हते. बीबीसीने 1924 मध्ये शाळांसाठी प्रसारण सुरू केले होते आणि 1943 मध्ये परभाषकांसाठी रेडिओवरून इंग्रजीचे पाठ. भारतात मुंबईचे केंद्र 23 जुलै 1927 रोजी सुरू झाले. पुढील दशकात शालेय कार्यक्रमही आले. आपल्या इंदूरला आकाशवाणी लाभली 22 मे 1955 रोजी. मालवा हाऊसचे नाव तेव्हापासून आपल्या ओठी आहे.

ऑक्टोबर 1964 मध्ये मुंबईच्या कसोटीत भारताने ऑस्ट्रेलियाला दोन गडी राखून हरवले. सी. के. नायडूंच्या या गावात त्या दिवशी रेडिओभोवती गर्दी न होती तरच नवल! आमच्या इंग्रजीच्या सरांनी आदल्या दिवशी फळ्यावर समालोचनातले दहा शब्द लिहून दिले होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओसरीवर आम्ही ते शब्द टिपत बसलो. मी चार टिपले. बाकीचे वाहून गेले. रेडिओ कोणासाठी थांबत नसे.

त्या न थांबण्याची किंमत मला 1973 मध्ये मोजावी लागली. एका मुलाखतीत साध्या प्रश्नाला मी तीनदा ‘पार्डन?’ म्हटले. प्रश्नातला प्रत्येक शब्द मला लिहिता आला असता. ऐकताना एकही ओळखता आला नाही. ती नेमणूक अर्थातच मिळाली नाही.

रेडिओचा हा दोष जाणत्यांच्या लक्षात आला होता. 1974 मध्ये निकाराग्वात गणिताचे असे रेडिओपाठ रचले गेले की प्रश्न विचारून निवेदक थांबे आणि वर्ग उत्तर देई. 1980 ते 1985 या काळात केनियात याच रीतीने इंग्रजी शिकवली गेली. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने मराठी माध्यमाच्या मुलांसाठी ‘वुई लर्न इंग्लिश’ ही अशीच पाठमाला तयार केली.

‘पॉडकास्ट’ हा शब्द 2004 मधला. त्याने आणखी एक बंधन तोडले: आता विद्यार्थी स्वतःच आवाज थांबवू शकतो, मागे नेऊ शकतो, हळू करू शकतो. 2020 च्या टाळेबंदीत मध्य प्रदेशाने ‘रेडिओ स्कूल’ चालवले आणि केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाची ‘शिक्षा वाणी’ भ्रमणध्वनीवर पोहोचली. परंतु साधन आले म्हणजे शिक्षण झाले, असे नाही. सरांचा फळा अजूनही हवाच. नववीच्या वर्गात तीन मिनिटांचा एक तुकडा घ्यावा; आधी सात-आठ शब्द द्यावेत; पहिल्यांदा आशयासाठी, दुसऱ्यांदा तपशिलासाठी आणि तिसऱ्यांदा लिखित संहिता समोर ठेवून तो ऐकवावा. मग मुलांनी राजवाड्यावर दोन मिनिटे इंग्रजीत बोलून ध्वनिमुद्रित करावे. आधीची चर्चा मराठीत झाली तर बिघडत नाही. उलट विचार स्वच्छ होतो.

हे मी आग्रहाने सांगतो, त्याला कारण आहे. ‘इंग्रजी कानावर पडत नाही’ म्हणून पालक मुलांना मराठी शाळेतून काढतात. ही तक्रार खोटी नव्हती. माझी मुलाखत तिची साक्ष आहे. पण आज तो आवाज मराठी शाळेच्या वर्गात आणता येतो. मग इंग्रजीसाठी मातृभाषेची शाळा सोडण्याचे ते कारण उरत नाही. उरतो प्रश्न, वर्गात कोणी फळ्यावर ते दहा शब्द लिहील का, एवढाच.