उपासाच्या ताटांतील पाहुणे

आषाढीच्या आदल्या दिवशीं पुण्याच्या मंडईंत उपासाच्या जिनसांसाठीं झुंबड उडते. १८८६ सालीं ही इमारत उघडण्यापूर्वीं हा भाजीबाजार शनिवारवाड्यापुढें उघड्यावर भरे. परंतु मालाचा प्रवास याहून फार दूरचा. बटाटा, रताळें, मिरची, भुईमूग हीं सारीं मूळचीं अमेरिकेचीं. १४९२ नंतर इकडे आलीं, तींही बरींचशीं पोर्तुगीजांच्या हातून. 'बटाटा' हें नांवही त्यांच्याकडूनच घेतलेलें. ज्ञानेश्वरांच्या काळीं तिखटाला मिरीं होतीं, मिरची नव्हती. गंमत अशी कीं, येथें हजारों वर्षें पिकणारा तांदूळ उपासाला निषिद्ध आणि हे पाहुणे मात्र सोवळे! हा इतिहास मी एकदां आईला ऐकविला. खिचडी परततां परततां ती म्हणाली, "देवाला चालतें रे, तूं आधीं पानावर बैस."