भारतातील व्यसनद्रव्यांचा वापर

कायद्याने काय चालते आणि लोक काय घेतात, या दोन गोष्टी भारतात नेहमीच जुळत नाहीत. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा आणि चरस निषिद्ध ठरवले. त्याच झाडाच्या पानांची भांग मात्र त्या व्याख्येबाहेर राहिली. काही राज्यांत ती सरकारमान्य दुकानातून मिळते.

दिल्लीच्या ‘एम्स’मधील व्यसनोपचार केंद्राने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते ७५ वर्षे वयोगटातील सुमारे १४.६ टक्के लोक दारू पितात. पुरुषांत हे प्रमाण २७.३ टक्के, स्त्रियांत जेमतेम १.६. भांग-गांजा-चरस घेणारे २.८ टक्के. अफूजन्य पदार्थ २.१ टक्के लोक घेतात, आणि त्यांत जुन्या अफूपेक्षा हेरॉइन पुढे गेले आहे. हुंगण्याच्या द्रव्यांचा प्रकार वेगळा: ती मोठ्यांपेक्षा मुलांत अधिक आढळतात. हुंगल्या जाणाऱ्या पंक्चरच्या सोल्युशनवर कोण बंदी घालणार?

तंबाखू या सगळ्यांवर मात करते. २०१६-१७ च्या पाहणीत २८.६ टक्के प्रौढ ती वापरत होते, आणि ओढणाऱ्यांपेक्षा खाणारे जास्त होते. महाराष्ट्रात चुना-तंबाखूची डबी खिशात बाळगणे व्यसनात मोजलेच जात नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुड्या मिळतात. दारूबाबत राज्यात सगळीकडे एकच नियम नाही: वर्धा आणि गडचिरोली हे जिल्हे दारूबंदीचे. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ मध्ये लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठली.